रिजेक्शनच्या ट्रेपासून सुरुवात: दोष-विश्लेषण करायला निघालेल्या नवख्यांसाठी

‘रिजेक्शन कमी करा’ एवढंच सांगून काम तुमच्याकडे सोपवलं असेल, तर पहिला आठवडा सल्ल्यांनी भरून जाईल. कोणी म्हणेल मटेरियल हलकं येतंय, कोणी म्हणेल नवीन पोरांचं लक्ष नाही, कोणी म्हणेल शेवटी आणखी एक इन्स्पेक्टर बसवा. सगळे मनापासून सांगत असतात आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडंफार तथ्य असतं. तरी यातलं काहीही लगेच करू नका. नाकारलेले नग ज्या लाल ट्रेमध्ये पडतात तो ट्रे उचला, टेबलावर रिकामा करा आणि एकेक नग हातात घेऊन बघा. मी हे काम असंच शिकलो. आजही नव्या ठिकाणी गेलो की आधी तो ट्रे शोधतो.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो, माझ्या स्वतःच्या कामातलं, समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे सरळ केलेलं. पत्र्याचा एक ब्रॅकेट, त्यात एक भोक. दोन ड्रिलिंग मशीन, प्रत्येकावर एक जिग (नग नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा), दोन्ही मिळून दिवसाला २०० नग. बिलं करणाऱ्या ऑफिसात किंवा पार्सलं पाठवणाऱ्या गोदामातही क्रम हाच राहतो. तिथे नग म्हणजे बिल किंवा पार्सल.

कामाची हद्द आधीच आखून घ्या: एक उत्पादन, एक प्रक्रिया, चार आठवड्यांची नोंद. सगळ्या कारखान्याची गुणवत्ता एकदम सुधारायला निघालेली मोहीम दुसऱ्या महिन्यात फायलीत जाऊन बसते.

पायरी १: दोष शब्दांत पकडा

‘भोक सरकलंय’, ‘फिनिश बरोबर नाही’, ‘बिल चुकलं’ ही वाक्यं बोलण्यापुरती ठीक आहेत, पण त्यांच्यावरून मोजता येत नाही. व्याख्या अशी हवी की दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या दिवशी तोच नग पाहिला तरी उत्तर एकच यावं. आमच्या ब्रॅकेटची व्याख्या अशी होती: डाव्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत १२ मिलिमीटर, अधिक-उणे ०.२. त्याबाहेर गेला की दोष.

मापात बसणाऱ्या गोष्टी सोप्या असतात. ओरखडा, डाग, रंगातला फरक यांवर खरी भांडणं होतात. अशा ठिकाणी किती उजेडात, किती अंतरावरून आणि किती वेळ पाहायचं ते ठरवा. त्याच्या जोडीला दोन खरे नग जपून ठेवा: एक ‘जेमतेम चालेल’ असा आणि एक ‘जेमतेम चालणार नाही’ असा. त्यांना लिमिट सॅम्पल म्हणतात. चार ओळींच्या वर्णनापेक्षा हे दोन नग जास्त वाद मिटवतात. ऑफिसमध्ये ‘बिल चुकलं’ याचे तुकडे पाडा: दर चुकला, संख्या चुकली, पत्ता चुकला, कर चुकीच्या दराने लागला. प्रत्येकाचा जन्म वेगळ्या टेबलावर होतो.

इथेच आणखी एक भेद मनात पक्का करा. सदोष नग आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच ब्रॅकेटमध्ये भोक सरकलेलं असू शकतं, त्यावर ओरखडाही असू शकतो. तेव्हा सदोष नग एक, दोष दोन. दोन्ही आकडे एकाच रकान्यात मिसळले की पुढचं सगळं गणित बिघडतं.

पायरी २: मोजणाऱ्यालाही मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, म्हणून मी ती कारण शोधण्याच्या आधी घेतो. तुमच्याकडे येणारा रिजेक्शनचा आकडा इन्स्पेक्टरच्या डोळ्यांतून आणि व्हर्निअरच्या जबड्यातून आलेला असतो. तेच डळमळीत असतील तर तुम्ही महिनाभर सावलीचा पाठलाग कराल.

चाचणी अर्ध्या दिवसात होते. वीस नग निवडा: काही स्वच्छ चांगले, काही उघड वाईट, आणि निम्मे तरी सीमेवरचे. प्रत्येकाच्या मागे न दिसेल असा क्रमांक टाका. दोन इन्स्पेक्टरांना ते वेगवेगळे तपासायला द्या. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून तेच नग पुन्हा द्या. मग दोन गोष्टी पाहा: प्रत्येक जण स्वतःच्या कालच्या उत्तराशी किती वेळा जुळला, आणि दोघं एकमेकांशी किती वेळा जुळले. वीसपैकी पाच-सहा नगांवर मतं फिरत असतील, तर तुमचं रिजेक्शन कोणत्या शिफ्टला कोण तपासायला बसलं यावर हलतंय. तेव्हा पायरी १ला परत जा आणि व्याख्या घट्ट करा.

आकड्यात माप येत असेल तर तोच नग तोच माणूस तीनदा मोजेल असं करा, मग दुसऱ्याकडून मोजून घ्या. वाहन उद्योगात यासाठी एक रूढ निकष आहे: दिसणाऱ्या एकूण फरकाच्या तुलनेत मोजमापातला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, ३० टक्क्यांच्या वर असेल तर त्या गेजवर, म्हणजे मोजायच्या साधनावर, निर्णय घेऊ नयेत.

ही चाचणी घेताना इन्स्पेक्टरांना आधी विश्वासात घ्या. ‘तुमची परीक्षा घेतोय’ असं त्यांना वाटलं की पुढचे चार आठवडे ते तुमच्याशी मोकळेपणाने बोलणार नाहीत, आणि तुम्हाला त्यांच्याइतकी गरज दुसऱ्या कोणाचीच पडणार नाही.

पायरी ३: नोंदीचा कागद

माझं ठाम मत आहे की दोष-विश्लेषणातलं निम्मं यश नोंदीच्या कागदात असतं. बहुतेक ठिकाणी रोजच्या रिपोर्टमध्ये एकच ओळ असते: उत्पादन २००, रिजेक्शन ९. या ओळीतून कारण कधीच सापडत नाही. नऊ नग कधी, कुठे, कसे बिघडले हे सगळं त्या एका आकड्यात गाडलं जातं.

कागद असा करा की काम करणाऱ्याला प्रत्येक दोषासाठी पाच सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत. आडव्या ओळीत दोषांचे प्रकार, उभ्या रकान्यात दोन-दोन तासांचे तुकडे, आणि खुणेसाठी उभ्या रेघा, पाचवी आडवी. वर तारीख, शिफ्ट, मशीन, जिग, मटेरियलचा लॉट. ‘इतर’ असा एक रकाना ठेवा, पण आठवड्याने तो सगळ्यात जाड दिसला तर प्रकार चुकीचे पाडले आहेत असं समजा.

कागदाच्या खालच्या अर्ध्यात नगाचं साधं रेखाचित्र छापा आणि दोष नगावर जिथे असेल तिथे ठिपका द्यायला सांगा. ही गोष्ट इतकी साधी आहे की लोक तिला हसतात. ब्रॅकेटच्या कामात मला रस्ता याच ठिपक्यांनी दाखवला. पहिल्या आठवड्याचे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले, तर सरकलेल्या भोकांचे सगळे ठिपके खऱ्या जागेच्या डावीकडे होते, म्हणजे कडेच्या जवळ. एकही उजवीकडे नाही. हात चुकला असता, जॉब (मशीनवर चढवलेला नग) बेफिकिरीने लावला गेला असता, तर ठिपके दोन्ही बाजूंना विखुरले असते. एकाच दिशेला जाणारी चूक म्हणजे काहीतरी ढकलतंय.

कागदावर ऑपरेटरच्या नावाचा रकाना ठेवायचा का, यावर मतभेद आहेत. मी सुरुवातीला ठेवत नाही. मशीन, जिग आणि वेळ लिहिलेली असली की गरज पडल्यास कोण होतं ते कळतंच. पण नाव लिहायचं म्हटल्यावर माणसं दोष लपवू लागतात, आणि लपलेला दोष ग्राहकाच्या हातात जाऊन उघडतो. कागद वाचायला निघालेल्या माणसाने पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगावं की या नोंदीवरून कोणालाही मेमो जाणार नाही. आणि ते पाळावं. एकदा जरी मोडलं तरी पुढचे कागद खोटे भरले जातात.

दुरुस्त होऊन पुढे गेलेले नगही लिहा. रिवर्क केलेला नग शेवटच्या आकड्यात ‘ओके’ दिसतो, पण त्याने कोणाचातरी वेळ खाल्लेला असतो. समजा पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर ९८ टक्के नग पहिल्या फटक्यात बरोबर होतात. प्रत्येक टप्प्याचा माणूस म्हणेल, माझं काम छान चाललंय. पण पाचही टप्प्यांतून हात न लावता सरळ पार होणारे नग ०.९८ पाच वेळा गुणून मिळतात: सुमारे ९०.४ टक्के. दर दहातला एक नग कुठेतरी थांबून दुरुस्त होतो, आणि कोणत्याही एका टप्प्याच्या रिपोर्टमध्ये तो ठळक दिसत नाही.

पायरी ४: मोठा ढीग कोणता ते पाहा

चार आठवड्यांनी आमच्याकडे २४ दिवसांची नोंद होती. ४८०० नग, त्यातले १९२ सदोष, म्हणजे ४ टक्के. त्या १९२ नगांत मिळून २४० दोष: भोक सरकलेलं ११८, बर म्हणजे भोकाच्या काठावर उरलेली धातूची धार ५२, ओरखडे ३१, आटे खराब १८, बाकी २१.

उतरत्या क्रमाने उभे पट्टे काढले की झाला पॅरेटो चार्ट. नाव इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांचं. त्यांनी संपत्तीच्या विषम वाटणीचा अभ्यास केला होता. गुणवत्तेच्या कामात ही कल्पना आणली जोसेफ ज्युरान यांनी. इथे पहिले दोन प्रकार मिळून १७० दोष, म्हणजे जवळपास ७१ टक्के.

एक खबरदारी घ्या. संख्येने मोठा ढीग नुकसानानेही मोठा असेलच असं नाही. बर कानशीने निघते, सरकलेलं भोक भंगारात जातं. आणि एखादा दोष महिन्यात दोनदाच आला, पण त्याने कोणाला इजा होऊ शकते, तर तो यादीत वरच येतो. त्याला पट्ट्याची उंची लावायची नसते.

पायरी ५: रोजच्या चढउतारावर धावू नका

ही पायरी नीट समजली तर तुम्ही स्वतःचा आणि इतरांचा पुष्कळ त्रास वाचवाल, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

दिवसाला सरासरी ८ नग बिघडतात. आज १३ बिघडले. सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरला उभं केलं जातं. उद्या ५ होतात, आणि सगळ्यांना वाटतं की बोलल्याचा उपयोग झाला. पण प्रक्रियेत काहीही बदललेलं नसताना २०० नगांमागे ८ ची सरासरी किती हलू शकते?

याचं उत्तर देणारा तक्ता वॉल्टर शूहार्ट यांनी मांडला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत असताना १६ मे १९२४ रोजी त्यांनी वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं, त्यात आजच्या कंट्रोल चार्टचं पहिलं रूप होतं. आपल्या उदाहरणाला लागू पडणारं सूत्र असं: सदोष नगांचं सरासरी प्रमाण घ्या, ०.०४. त्याला ०.९६ ने गुणा, २०० ने भागा, वर्गमूळ काढा. उत्तर साधारण ०.०१३९. त्याची तिप्पट ०.०४१६. ती सरासरीत मिळवली की वरची मर्यादा ०.०८१६, म्हणजे २०० मागे साधारण १६ नग. सरासरीतून वजा केली तर उत्तर शून्याच्या खाली जातं, म्हणून खालची मर्यादा शून्य.

म्हणजे शून्यापासून १६ पर्यंतचे आकडे ही प्रक्रिया तिच्या नेहमीच्या स्वभावाने देत राहील. १३ ही काही बातमी होत नाही, आणि ५ ही सुद्धा नाही. १७ किंवा जास्त आले तर त्याच दिवशी, त्याच तासाला जाऊन शोधा: नवा लॉट, तुटलेलं ड्रिल, बदललेली सेटिंग, असं काहीतरी वेगळं घडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. सलग आठ दिवस आकडे सरासरीच्या एकाच बाजूला राहिले तरी तसंच समजा, कारण निव्वळ योगायोगाने असं क्वचितच होतं.

मर्यादेच्या आतल्या चढउतारावर रोज मशीनची सेटिंग हलवणं हे तर आणखी वाईट. प्रत्येक हलवण्याने नवा फरक आत शिरतो आणि पसारा वाढतो.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग हे दाखवण्यासाठी मण्यांचा प्रयोग करत. पेटीत पांढऱ्या मण्यांत २० टक्के लाल मणी मिसळलेले. पन्नास खाचांची फळी आत बुडवायची, लाल मणी म्हणजे दोष. ‘कामगार’ आळीपाळीने फळी बुडवतात. कोणाला ७ लाल येतात, कोणाला १३. सातवाल्याचं कौतुक, तेरावाल्याची कानउघाडणी. पुढच्या फेरीत आकडे उलटेपालटे होतात. लाल मणी पेटीतच आहेत, फळी धरणाऱ्याच्या हातात काही नाही. तुमच्या हाताखाली माणसं काम करत असतील तर हा प्रयोग मणी किंवा रंगीत बटणं आणून एकदा खरंच करून पाहा. आठवड्याच्या रिपोर्टकडे बघण्याची नजर बदलते.

मग मर्यादेच्या आतली ४ टक्के खराबी मान्य करायची का? मुळीच नाही. पण ती कमी करायला एका वाईट दिवसाचा जाब विचारून उपयोग नसतो. पेटीतले लाल मणी कमी करावे लागतात, म्हणजे प्रक्रियेची रचना बदलावी लागते. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी ६: जागेवर जा, आणि कारण सिद्ध करा

इथे बहुतेक जण मीटिंग बोलावून माशाच्या सांगाड्याची आकृती काढतात. काओरू इशिकावा यांची ही आकृती चांगली आहे: डोक्याशी दोष, आणि मोठ्या काट्यांवर माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत, मोजमाप, वातावरण. पण खोलीत बसून काढलेल्या आकृतीत तीस कारणं जमतात आणि कोणतं खरं ते तिथून दिसत नाही. आकृती ही शक्यतांची यादी आहे. ती नोंदींच्या चाळणीतून घाला.

चाळणीचा सोपा प्रश्न असा: दोष कुठे येतो, आणि जिथे येऊ शकला असता तिथे का येत नाही? आमच्या ११८ सरकलेल्या भोकांपैकी १११ दुसऱ्या जिगवरची होती. पहिली जिग त्याच लॉटचं मटेरियल वापरत होती, त्यामुळे मटेरियल सुटलं. माणसं दर आठवड्याला मशीन बदलत होती आणि दोष माणसाबरोबर न जाता जिगबरोबरच राहत होता, त्यामुळे माणूस सुटला. दोन तासांच्या रकान्यांत आणखी एक खूण होती: शिफ्टच्या सुरुवातीला दोष नाममात्र, जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाढत जायचे, सुट्टीनंतर पुन्हा कमी. सुट्टीआधी मशीन झाडून जायची तिथे पद्धत होती.

एवढं हातात घेऊन मी दुसऱ्या मशीनजवळ उभा राहिलो. काही विचारलं नाही, फक्त बघत राहिलो. चाळीस-पन्नास जॉब झाल्यावर दिसलं: ड्रिलमधून उडणारा बुरा लोकेटिंग पिनच्या (जॉबची जागा ठरावी म्हणून तो जिला टेकवतात त्या पिनच्या) बुडाशी, कोपऱ्यात साचत होता. पुढचा जॉब पिनला टेकवताना एखादा कण मध्ये अडकायचा. ऑपरेटरला हाताला जॉब टेकल्यासारखाच लागायचा, पण तो पिनपासून ०.४ मिलिमीटरपर्यंत लांब असायचा. ड्रिल आपल्या ठरल्या जागीच उतरायचं आणि भोक कडेच्या जवळ पडायचं. सगळे ठिपके डावीकडे का, याचं उत्तर तिथे होतं.

आता ‘का’ विचारत खाली उतरा. टोयोटात रुजलेली पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत इथे कामाला येते, फक्त पाच हा आकडा पवित्र मानू नका. भोक का सरकलं? जॉब पिनला टेकला नाही. का? बुरा अडकला. दुसऱ्याच जिगमध्ये का अडकतो? पहिल्या जिगमध्ये पिनच्या बुडाशी एक खाच आहे, बुरा तीत पडतो. दुसरीत ती नाही. का नाही? दुसरी जिग नंतर ड्रॉइंगवरून बनवली, आणि ड्रॉइंगमध्ये खाच नव्हती. का नव्हती? पहिल्या जिगची खाच कोण्या जुन्या फिटरने स्वतःच्या अनुभवाने कानशीने पाडली होती. काम सुरळीत झालं, आणि ती सुधारणा कागदावर कधीच उतरली नाही.

या शेवटच्या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. त्या माणसाने हा दोष आधीच सोडवला होता. त्याचं शहाणपण कागदावर घ्यायची सोय कोणी केली नव्हती, म्हणून पुढच्यांना तोच दोष पुन्हा भोगावा लागला.

तुमच्या ‘का’च्या साखळीत कुठेही ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आला तर तिथे थांबू नका. त्याच्याच जागी दुसरा सावध माणूस उभा केला असता तर दोष टळला असता का, असं विचारा. उत्तर बहुधा ‘काही दिवस टळला असता’ असं येतं. म्हणजे कारण अजून खाली आहे.

आणि साखळीतली प्रत्येक कडी तपासा. पटतंय म्हणून कारण खरं होत नाही. मी मोजलेला बुऱ्याचा कण मुद्दाम पिनशी ठेवून पाच जॉब केले: पाचही भोकं सरकली. जागा पुसून पाच केले: पाचही बरोबर. पुन्हा कण ठेवला, पुन्हा सरकली. दोष हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला, की कारण सापडलं असं म्हणायला हरकत नाही. त्याआधी मिळालेल्या उत्तराला मी अंदाजच म्हणतो.

पायरी ७: उपाय निवडताना उतरंड लक्षात ठेवा

सगळ्यात दुबळा उपाय म्हणजे समज देणं. त्याच्या वर सूचनेचा बोर्ड आणि प्रशिक्षण. त्याच्या वर शेवटी जादा तपासणी. पण एकसुरी कामात माणसाची नजर थकते आणि शंभर टक्के तपासणीतूनही दोष निसटतात. त्याच्या वर दोष घडताक्षणी कळेल अशी योजना. आणि सगळ्यात वर, चूक करताच येणार नाही अशी रचना.

जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांचं १९६१ मधलं एक उदाहरण मला फार आवडतं. यामाडा इलेक्ट्रिक या कारखान्यात एका छोट्या स्विचमध्ये दोन बटणांखाली दोन स्प्रिंग बसवायच्या असत. कधीकधी एखादी स्प्रिंग राहून जायची आणि तक्रार ग्राहकाकडून यायची. ‘लक्ष ठेवा’ असं सांगून काही दिवस फरक पडायचा. शिंगो यांनी कामाचा क्रम बदलला: जुळणी सुरू करण्याआधी डब्यातून दोन स्प्रिंग काढून छोट्या बशीत ठेवायच्या, मग बसवायच्या. बशीत स्प्रिंग उरली की विसर पडल्याचं त्याच क्षणी दिसतं. अशा उपायांना पुढे पोका-योके, म्हणजे चूक टाळणारी योजना, हे जपानी नाव मिळालं. सेन्सर, संगणक यांतलं काही लागत नाही. चूक कुठे होते ते नेमकं माहीत असावं लागतं.

आमच्याकडे आधी एअर गन आणि ब्रश हाताशी टांगले. त्याने दोष निम्म्यावर आले, कारण दर वेळी पुसणं घाईत राहून जायचं. मग दुसऱ्या जिगमध्ये खाच पाडली. दोन बदल एकदम केले असते तर कोणत्या बदलाने काय साधलं ते कळलं नसतं, म्हणून मध्ये एक आठवडा जाऊ दिला.

ऑफिसात हीच उतरंड. बिलात दर चुकत असेल तर ‘दोनदा तपासा’ असं लिहिण्याऐवजी दर हाताने टाकायची गरजच उरणार नाही अशी सोय करा: मालाचा कोड निवडला की दर आपोआप यावा.

पायरी ८: सुधारणा झाली हे कशावरून?

खाच पाडल्यावर ३० नग काढले, सगळे बरोबर निघाले, आणि सगळे खूश झाले. मी थांबायला सांगितलं. दुसऱ्या जिगवरून चार आठवड्यांत २४०० नग गेले होते आणि १११ भोकं सरकली होती, म्हणजे ४.६ टक्के. काहीच सुधारलं नसतं तरी ३० नग ओळीने चांगले निघण्याची शक्यता ०.९५४ तीस वेळा गुणून मिळते: शंभरात सुमारे २४. चारातला एक योगायोग पुरावा म्हणून चालत नाही. तेच १०० नग ओळीने चांगले निघाले तर योगायोगाची शक्यता शंभरात एकाहूनही कमी होते.

एक सोपा आडाखा पाठ करा. n नग तपासून शून्य दोष मिळाले, तर खरं प्रमाण ३ भागिले n च्या वर नाही, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३० नगांत शून्य म्हणजे अजूनही १० टक्क्यांपर्यंत दोष असू शकतात. ३०० नगांत शून्य म्हणजे १ टक्क्यापर्यंत. ‘सॅम्पल ओके आलंय’ असं कोणी म्हटलं की आधी किती नगांचं सॅम्पल ते विचारा.

याच काळात पायरी ५ चा तक्ता चालू ठेवा. खरी सुधारणा झाली की ठिपके जुन्या सरासरीच्या खाली सलग उतरतात आणि तिथेच राहतात. मग नवी सरासरी, नव्या मर्यादा काढा.

पायरी ९: कागदावर उतरवा

ड्रॉइंग बदला आणि त्यावर बदलाचं कारणही एका ओळीत लिहा, नाहीतर पुढचा माणूस खाच अनावश्यक समजून काढून टाकेल. कामाची पद्धत बदलली असेल तर ती ज्या मशीनवर लागते तिथेच फोटोसह लावा. कारखान्यातल्या बाकीच्या जिग बघून या: पिनच्या बुडाशी कोपरा बंद असलेली आणखी किती आहेत? एका दोषाचं कारण सापडलं की त्याची भावंडं शोधणं सगळ्यात स्वस्तात पडतं. आणि ज्यांनी चार आठवडे रेघा मारल्या, ठिपके दिले, त्यांना आधी आणि नंतरचा तक्ता घेऊन स्वतः जाऊन दाखवा.

या वाटेवर तुम्हाला मोठमोठे शब्द भेटतील. सिक्स सिग्मा हे नाव १९८० च्या दशकात मोटोरोला कंपनीतून पुढे आलं. त्याचं प्रसिद्ध ध्येय दहा लाख संधींमागे ३.४ दोष. त्यातली पाच टप्प्यांची पद्धत, म्हणजे व्याख्या करा, मोजा, विश्लेषण करा, सुधारा, ताब्यात ठेवा, वर सांगितलेल्या क्रमाशी जवळपास जुळते. कोर्स जरूर करा, पण एक दोष मुळापर्यंत नेल्यावर करा; वर्गात सांगितलेलं तेव्हा हाताला ओळखीचं लागतं.

सरकलेली भोकं आटोक्यात आली की पॅरेटोमध्ये बर आपोआप पहिल्या जागी येईल. त्यासाठी जुनाच कागद वापरू नका. बर बहुधा ड्रिलची धार गेल्यावर वाढते, तेव्हा नव्या कागदावर ‘धार लावल्यापासून कितवं भोक’ हा रकाना घाला, दोन तासांऐवजी पन्नास-पन्नास नगांचे तुकडे करा, आणि सोमवारी सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी दोन्ही मशीनवर लावा.